मोबाईलवरचे चित्र दाबूनही न आलेल्या गाडीबाबत

प्रति,
मा. गट विकास अधिकारी साहेब,
पंचायत समिती, औंढा नागनाथ,
जि. हिंगोली

अर्जदार : रखमाजी सटवाजी पोले, धंदा मेंढपाळ, रा. माळवस्ती, शिरड शहापूरजवळ

विषय : चित्र दाबल्यावर गाडी येते असे खोटे दाखवणाऱ्या इसमाचा आपल्या हस्ते होणारा सत्कार थांबवणेबाबत.

संदर्भ : 'आरोग्यदीप' संस्थेची निमंत्रण पत्रिका. तीत प्रमुख पाहुणे म्हणून आपले नाव छापले आहे.

महोदय,

अर्जदार वर दिलेल्या वस्तीवर राहतो. चौथीपर्यंत शिकला आहे. अर्ज स्वतःच्या हाताने लिहिला आहे, त्यात गोड शब्द सापडणार नाहीत.

१. अर्जदाराची पत्नी कै. पंचफुलाबाई ही वस्तीवरच्या बायकांच्या बचत गटाची अध्यक्ष होती. तिला वाचता येत नव्हते. मागच्या उन्हाळ्यात 'आरोग्यदीप' या खाजगी संस्थेचे समन्वयक नचिकेत हे वस्तीवर आले. त्यांनी मारुतीच्या देवळापुढे बायकांना बसवले, प्रत्येकीचे नाव व नंबर लिहून घेतला आणि प्रत्येकीच्या मोबाईलवर एक चित्र बसवले. पांढरी गाडी आणि तिच्यावर लाल फुली. म्हणाले, हे आपले नवीन ॲप. कोणाला बरे वाटत नसेल तर हे दाबायचे.

बायकांचा विश्वास बसेना. तेव्हा नचिकेत यांनी पंचफुलाबाईच्याच हातून चित्र दाबून घेतले. पडदा पांढरा झाला. ते म्हणाले, "गेला निरोप. आता बघा." तोंडातले पान चघळून व्हायच्या आत संस्थेची जीप धुरळा उडवत देवळापुढे आली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. फोटो निघाले.

जीप देवळाच्या मागे चिंचेखाली आधीच आणून उभी केली होती. ड्रायव्हरला हाताने खूण केली होती. हे त्या दिवशी कोणाला दिसले नाही, कारण सगळ्यांचे डोळे मोबाईलवर होते. ड्रायव्हरने नंतर स्वतःच्या तोंडाने सांगितले. तो म्हणाला, "मामा, डेमो होता तो. डेमोत असंच असते."

२. पंचफुलाबाईला त्या चित्राचा फार अभिमान होता. बाजारात, लग्नात, दळणाच्या रांगेत ती मोबाईल काढून दाखवायची. म्हणायची, "माह्या मोबाईलात गाडी हाय." दाखवण्याआधी काच पदराने पुसायची.

३. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या छातीत कळ आली. घाम फुटला. तिने स्वतः मोबाईल घेतला आणि चित्र दाबले. पडदा पांढरा झाला. देवळापुढेही तसाच झाला होता, म्हणून तिला वाटले निरोप गेला.

शेजारी हिरासिंग यांच्याकडे दुधाच्या कॅन वाहायचा टेम्पो आहे. त्यांनी तो दारात आणून चालू ठेवला. ते ओरडले, "रखमाजी, बघत काय राहिला? टाक वैनीला गाडीत!" अर्जदार तिला उचलायला वाकला, तर तिने हात धरला. म्हणाली, "थांबा. म्या गाडी बोलावली. येऊन राहिली असल. बोलावलेल्या माणसाला रिकामं घर दाखवू नये."

साहेब, आमच्यात ही रीत आहे. ज्याला बोलावले तो येईपर्यंत उंबरा सोडायचा नाही. सोयरा असो की वैरी, त्याला बंद दारावरून परत पाठवणे हा अपमान समजतात. ती रीत तिने शेवटपर्यंत पाळली. हिरासिंग दोनदा म्हणाले, "वैनी, त्या गाडीचा अपमान माह्या माथी. चला." ती म्हणाली, "भाऊजी, तुमी इंजिन बंद करा. फुकट डिझेल जाळून राहिले."

टेम्पोत घातले तेव्हा तिला शुद्ध नव्हती. कुरुंद्याच्या दवाखान्याच्या रस्त्याला लागण्याआधीच ती गेली. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणले असते तर काही सांगता आले असते. ती जीप आजपर्यंत आलेली नाही.

४. तेराव्याचे दिवस झाल्यावर अर्जदाराने मोबाईल ज्योती हिला दाखवला. ही हिरासिंग यांची मुलगी, हिंगोलीला कॉलेजात शिकते. तिने चित्र दाबून बघितले. मग म्हणाली, "काका, हे ॲपच न्हाई. वेबसाईटचं पान हाय. मोबाईलात तीन ठिपके दाबून 'होम स्क्रीनवर जोडा' केलं की कोणत्याबी पानाचं असं चित्र होते. नेट असलं तर पान उघडते. पानावर संस्थेचा नंबर लिहेल हाय. तो आपुन लावायचा. चित्र दाबून गाडीला काई कळत न्हाई." तिने अर्जदारासमोर बियाण्याच्या भावाच्या पानाचे तसेच चित्र करून दाखवले. चुटकीसरशी झाले. हुबेहूब ॲप.

वस्तीवर घरात नेट येत नाही, देवळापुढेही धड येत नाही. म्हणजे पडदा पांढरा झाला तो निरोप गेला म्हणून नव्हे, पान उघडलेच नाही म्हणून. नचिकेत यांना हे माहीत होते. सांगितले असते तर काय बिघडले असते? टाळ्या कमी पडल्या असत्या.

चित्र बसवण्यात गुन्हा नाही, असे ज्योती म्हणते. अर्जदारालाही ते मान्य आहे. नंबर कुठे आहे हे दाखवले असते तर तेच चित्र कामाचे होते. गुन्हा चिंचेखालच्या जीपचा आहे.

५. अर्जदार संस्थेच्या ऑफिसात गेला. तेथील बाई म्हणाल्या, तक्रार तोंडी घेत नाही, ॲपवर करा. अर्जदार म्हणाला, तक्रार ॲपचीच आहे. त्या म्हणाल्या, "तेच तर. त्यातच पर्याय आहे."

पुढे संस्थेतून एका मुलीचा फोन आला. विचारले, पंचफुलाबाई आहेत का, सेवेबद्दल त्यांचे मत घ्यायचे आहे. अर्जदार म्हणाला, न्हाईत. ती म्हणाली, कधी येतील? अर्जदार म्हणाला, "तुमची गाडी आली की तिलाच इचारून सांगतो." मुलीने 'धन्यवाद' म्हणून फोन ठेवला.

६. तेव्हापासून अर्जदाराच्या मनात एकच आहे. मेंढरे घेऊन तो माळावर जातो, तिथे नेट येते. पंचफुलाबाईचा मोबाईल खिशात असतो. अर्जदार चित्र दाबतो. पान बंद करतो, पुन्हा दाबतो. गाडी यावी म्हणून नव्हे. नचिकेत यांच्या टेबलावर कुठेतरी घंटी वाजत असेल, त्यांचा घास घशात अडकत असेल, एवढ्यासाठी दाबतो. मेंढरे पाण्यावर गेली की दाबतो, सावलीला बसली की दाबतो. बोट दुखले तर अंगठ्याने दाबतो.

मग पत्रिका आली. येत्या सोमवारी शिरड शहापूरच्या बाजार मैदानावर आपल्या हस्ते नचिकेत यांचा सत्कार आहे. कारण असे छापले आहे की, त्यांच्या ॲपचा सर्वाधिक वापर माळवस्तीने केला. त्याच मांडवात आजूबाजूच्या सगळ्या गावांच्या बायकांच्या मोबाईलवर हेच चित्र बसणार आहे आणि प्रात्यक्षिकही होणार आहे.

अर्जदाराने ज्योतीला विचारले, वापर कोणी केला? वस्तीवरच्या बायका तर त्या दिवसानंतर चित्राला हात लावत नाहीत. ती म्हणाली, "काका, पान उघडलं की तिकडं आकडा वाढते. घंटी-बिंटी वाजत न्हाई. तुमीच त्याला पयला आणलं."

ज्या माणसाचा घास अडवायचा, त्याच्या ताटात अर्जदाराने रोज तूप वाढले. महोदय, हे अर्जदाराला सहन होत नाही.

७. तरी अर्जदाराच्या मागण्या अशा :

हा सत्कार थांबवावा. पैशाची भरपाई नको, देऊ केली तरी घेणार नाही.

मांडवात प्रात्यक्षिक नचिकेत यांनीच करावे. त्याआधी मैदानामागची सर्व झाडे तपासावीत. मग त्यांना उन्हात उभे करून चित्र दाबायला लावावे आणि गाडी येईपर्यंत हलू देऊ नये. हिरासिंग आपला टेम्पो चालू ठेवून शेजारी उभा करतील. त्यात बसू देऊ नये. डिझेल अर्जदार देईल.

त्यांच्या स्वतःच्या मोबाईलमधले सगळे पुसून ते एकच चित्र ठेवावे. तहान लागली तर ते दाबावे. घरच्यांची आठवण आली तर ते दाबावे.

त्यांना माफी मागावीशी वाटली तर ती ॲपवर मागावी. तोंडी घेतली जाणार नाही.

ज्या बायकांच्या मोबाईलवर चित्र बसेल त्यांना आधी एवढेच सांगावे, की चित्र दाबल्याने कोणी निघत नाही, नंबर लावावा लागतो. हे दुसऱ्या कोणाला सांगायचे जमत नसेल तर अर्जदार माईकवर सांगेल. अर्जदाराला मेंढरांना हाका मारायची सवय आहे, माईक नसला तरी चालेल.

८. यातले काहीच आपल्या हातात नसेल आणि सत्कार करणे भागच असेल, तर हाराचा खर्च संस्थेवर टाकू नये. आकडा अर्जदाराने वाढवला, तेव्हा हार घालण्याचा मान त्याचाच आहे. अर्जदार घरून हार आणील. पंचफुलाबाईच्या फोटोवरचा आहे, वाळला आहे, पण धागा पक्का आहे. तो अर्जदार आपल्यासमोर नचिकेत यांच्या गळ्यात घालील, आणि तो कोणाचा आहे हे सर्व बायकांना ऐकू जाईल असे सांगेल.

आपण आदल्या दिवसापर्यंत उत्तर दिले नाही, तर अर्जदार होकार समजून मांडवात हजर राहील.

सोमवारची वाट पाहणारा,

रखमाजी सटवाजी पोले
(सही)

ठिकाण : माळवस्ती
दिनांक : १२ फेब्रुवारी २०२५

सोबत : पंचफुलाबाईच्या मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स, निमंत्रण पत्रिका, ड्रायव्हरचे म्हणणे ऐकल्याबद्दल हिरासिंग यांची सही.