चार दिवसांची चटई

२ जुलै
आज पुन्हा चटईवर. ऑपरेशनला चार महिने झाले. दोन्ही अंडाशयं काढली, पाळी कायमची बंद. घरात हे फक्त यांनाच ठाऊक. आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, एवढंच सांगितलंय की गाठ काढली. म्हणून दर महिन्याच्या दोन तारखेला "अडचण आली" म्हणायचं आणि बाहेरच्या खोलीत चार दिवस बसायचं. चूल नाही, भांडी नाही. खोटेपणा आहे, पण झोप मिळते.
भट्टी आज पाचदा पेटली. पायापासून कानापर्यंत आग, मग घाम. अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढताना पदर ओलाचिंब.

९ जुलै
बुलडाण्याला डॉ. बाईंकडे. वय छत्तीस, हाडं लवकर ठिसूळ होतील. गोळी चुकवायची नाही, रोज अर्धा तास चालायचं, दूध, तीळ. "नीट काळजी घेतली तर आयुष्य चांगलं जाईल." येताना एसटीत यांना म्हटलं, आता आत्याबाईंना सांगून टाका. म्हणाले, "सांगतो, पेरणी होऊ दे." पेरणी होऊन पंधरा दिवस झाले.

१८ जुलै
चालते रोज, सोयाबीनच्या बांधानं मोताळ्याच्या रस्त्यापर्यंत. भट्टी तीनदाच. बरं वाटतंय म्हणेपर्यंत आत्याबाई आमच्या एकुलत्या लेकीवरून, "स्वराले एक भाऊ पायजे व. मी काय लय दिवसाची हाय?" मी मान खाली घालून भाजी निवडत राहिले.

११ ऑगस्ट
चुकले. अंगणवाडीत वजनं-उंची, मोबाईलवर माहिती भरणं... दोन तारीख डोक्यातून साफ गेली. नऊ दिवस चुलीपाशी मीच. आज आत्याबाईंनी पाण्याची घागर हातातून काढून घेतली. "ठेव खाली. वजन नको उचलू." वरणावर तुपाची धार. कॅलेंडरवर दोन तारखेभोवती पेन्सिलचा गोल, मी काढलेला नाही. 

१३ ऑगस्ट
"गावातल्या समद्या पोटुश्या बायाईचे नावं तुह्या रजिस्टरात हायत. तुयं कवा लिवशीन?" हसत होत्या. दहा वर्षांत माझ्याकडे बघून अशा हसल्या नव्हत्या. तोंड उघडलं आणि भट्टी पेटली. न्हाणीत जाऊन उभी राहिले.
हे म्हणतात, "दोन दिवस थांब." यांचे दोन दिवस मला माहीत आहेत.

१७ ऑगस्ट
मला दिवस गेलेत असं आत्याबाईंचं शेजारच्या काकूंना सांगून झालं. म्हणजे गावभर. आत्याबाई जुन्या लुगड्याची छोटी गोधडी शिवायला बसल्या. दिसत नाही म्हणून सुईत दोरा ओवायला मलाच हाक. ओवून दिला. स्वतःची लाज वाटली.

१८ ऑगस्ट
सांगितलं. यांची वाट न बघता. दोन्ही काढली, आता मूल नाही, चटईवर बसणं खोटं.
"पाच महिने मले येडी बनवलं?"
"मले भेव वाटत होतं, आत्याबाई."
"त्याले ठाव होतं?"
"हाव."
"मंग त्या गोया कायच्या खाते?"
हाडांसाठी, अंगाच्या आगीसाठी, सगळं सांगितलं. गोधडीची घडी केली आणि उठून गेल्या.

२७ ऑगस्ट
नऊ दिवस अबोला. ताट वाढते, जेवतात, उठतात. काल काकू येऊन दोघी हळू बोलत होत्या, मी आत गेले तर गप्प. यांच्या दुसऱ्या लग्नाचं तर नसेल? यांना विचारलं, हसले नुसते. मला हसू आलं नाही.
गोळी चालू. चालणं चालू. भट्टी सहादा. सांगितल्याचा पस्तावा नाही, पण घरात पाहुणी असल्यासारखी वावरतेय.

२ सप्टेंबर
सकाळी चालून आले तर बाहेरच्या खोलीत चटई अंथरलेली. तांब्या, वेगळं ताट. आत्याबाई चुलीपाशी पाठमोऱ्या.
"दोन तारीख हाय. बस."
"काऊन आता? मी तर तुमाले समदं..."
"बस म्हणलं ना."
वळून बघितलं नाही. शिक्षा आहे की सुट्टी, कळत नाही. पुन्हा विचारायची हिंमत नाही. उशाला ती गोधडी ठेवली आहे, अर्धी शिवलेली, सुई तशीच खोचलेली.
बसले आहे. आतून भाकरी थापल्याचा आवाज येतोय.