भिंतीच्या कडेकडेने

मयूर विहार, दिल्ली, ४ फेब्रुवारी २०२५

चि. श्रावस्तीस बाबांचा जयभीम व अनेक आशीर्वाद.

तुझं मराठी उंदरांनी कुरतडू नये म्हणून पत्रांचा हट्ट चालूच ठेवतो. माझा पराक्रम कळलाच असेल. दूध आणायला गेलो आणि हरवलो. तेव्हापासून तुझा दादा, विनय, ऑफिसला जाताना बाहेरून कुलूप लावतो. शून्यातून स्पेअर पार्ट्सचं दुकान उभारलेला माणूस बाल्कनीत पोपटासारखा बसलाय. डोकं गेलं म्हणतात, पण कान शाबूत आहेत. काल तो फोनवर गाझियाबादच्या एका वृद्धाश्रमाशी बोलत होता. होळीनंतर मला तिथे ठेवायचं आहे. तोंड सारखं कोरडं पडतं, म्हणून भांडतही नाही.

तुझ्या प्रयोगशाळेतले उंदीर काय म्हणतात?

तुझा,
सुखदेव

मानेसर, ११ फेब्रुवारी

ती. बाबांस सविनय जयभीम.

कुलपाचं वाचून रडू आलं. दादाशी बोलतेच. उंदरांचं सांगते. गोल टाकीतल्या पाण्याखाली एक चौथरा लपवलेला असतो. उंदीर तो शोधायला लवकर शिकतो. मग आम्ही स्कोपोलामीन टोचतो. हे अँटिकोलिनर्जिक औषध, मेंदूला शिकायला आणि आठवायला लागणारा निरोप अडवतं. उंदीर पोहतो बिल्कुल झकास, पण भिंतीच्या कडेकडेने गोल फिरत राहतो. मध्ये वळतच नाही. औषध उतरलं की पुन्हा शिकतो.

जपा हं.

आपली,
श्रावस्ती

मयूर विहार, १७ फेब्रुवारी

चि. श्रावस्तीस जयभीम.

हरवलो त्या दिवशी मी काय केलं, हे कुणालाच सांगितलं नव्हतं. सोसायटीच्या भिंतीला हात लावून गोल फिरत होतो. गेटसमोरून गेलो, तरी ते ओळखलं नाही. दिवाळीपासून लघवीसाठी एक गोळी चालू आहे. ती तुझ्या औषधाच्या जातीची तर नाही? विनयला विचारलं, तर म्हणाला, बाबा आता डॉक्टरही झाले. घाई कर, होळी जवळ आली.

सुखदेव

मयूर विहार, २४ मार्च

चि. श्रावस्तीस जयभीम.

तू येऊन डॉक्टरांकडे नेलंस, गोळी त्याच जातीची निघाली, त्यांनी बदलली. आता धुकं विरतंय. काल एकटा दूध घेऊन आलो. मागे विनयच्या चपला वाजत होत्या, मी ऐकलं नाही असं दाखवलं. गेटशी वळून हात पुढे केला. त्याने हातावर कुलपाची किल्ली ठेवली.

एक राहिलं. प्रयोग संपल्यावर उंदरांना कुठे सोडता, असं तू आलीस तेव्हा विचारलं होतं. तू चहा ढवळत राहिलीस. साखर केव्हाच विरघळली होती, चमचा वाजतच होता.

माझ्यावर लोभ आहेच. त्यांच्यावरही असू दे.

तुझा,
सुखदेव