चार पानांचं पत्र

दि. ४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस आजीचे अनेक आशीर्वाद. पत्र मी सांगतेय, लिहितेय तुझी आई. अक्षर चांगलं दिसेल ते तिचं, शहाणपण दिसेल ते माझं.

तुझं पत्र आलं. चार पानं मी स्वतः चाचपली, आणि तुझ्या आईचं वाचन दोन पानांतच आटोपलं. उरलेली दोन काय टपालवाल्याची आहेत, असं विचारल्यावर खरं बाहेर आलं. नर्सिंगच्या परीक्षेत एकदा गचकलीस, पुन्हा गचकलीस तर कॉलेज पटावरून नाव कमी करणार. पुस्तक उघडलं की छातीत धडधडतं, म्हणून ट्रंक भरून बसलीयेस.

अगं, इस्पितळाच्या धुलाईघरात तीस वर्षं इस्त्री केली मी. सकाळी चादरींचा ढीग छताला टेकलेला असायचा. त्याच्याकडे बघत बसणारी दुपारपर्यंत रडायची. मी ढिगाकडे पाठ करायची आणि टेबलावर एकच चादर घ्यायची. मनात असो नसो, इस्त्री तापत टाकायची. ती तापली की हात आपसूक चालतो.

बारा धडे असतील तर अकरा कपाटात कोंड. उरलेल्यातला रोज एकच तुकडा घे आणि मला कार्डावर लिहून पाठव, या अडाणी म्हातारीला कळेल असा. नाही कळला तर कार्ड परत.

लोभ आहेच, तो मार्कांवर नाही.
तुझी आजी

दि. २ मार्च

ती. आजीस, सा. न. वि. वि.

सोबत मूत्रपिंडाचं कार्ड, तिसऱ्यांदा! पहिलं तू पोपटपंची म्हणून परत धाडलंस. दुसऱ्यावर विचारलंस, रक्त गाळताना कामाचंही खाली पडत असेल, ते परत कोण उचलतं? मला सांगता येईना. अशी चिडले, की उत्तर सापडेपर्यंत उठलेच नाही. धडधडायचं राहूनच गेलं. ट्रंकेवर आता चहाचा कप असतो. परीक्षा पंचवीसला.

आईला म्हणावं, कार्डं सगळी वाचून दाखव.
तुझी भिंगरी

दि. १९ एप्रिल

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

मूत्रपिंड मला कळलं तेव्हाच म्हटलं होतं, परीक्षकाची काय बिशाद न कळायची!

काल तुझं पत्र आलं. एकच ओळ, असं तुझी आई म्हणते. पण ती वाचायला तिला इतका वेळ लागला, की ओळीआधीच मला निकाल कळला. नापास असतीस तर झटक्यात वाचून घडी घातली असती तिने.

इथे शाई फुटली असेल, तर तो दोष तिचा. मी फक्त सांगतेय.

माया तीच, जुनीच.
तुझी आजी