पान नऊवरचा उकार

३ मार्च, सकाळी ७
भाचीने कादंबरी लिहिली आहे. दोन वर्षं लिहीत होती. याच घरात, भिंतीपलीकडच्या खोलीत. मला आज कळलं, तेही खालच्या शिवणवाल्या बाईंकडून. त्यांना म्हणे प्रत्येक प्रकरण वाचून दाखवलं. काजं-बटणं करणाऱ्या बाई! आणि मी तीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली, ती कुणासाठी? घरच्याच माणसाने असा केसाने गळा कापावा.
निश्चय: अबोला. आजपासून.

३ मार्च, सकाळी ९
अबोला मोडला. डब्यात चमचा विसरत होती, सांगावंच लागलं. मग विषय विचारला. म्हणाली, जादू आहे, सतरा वर्षांची मुलगी आहे, प्रेम आहे. हलकंफुलकं आहे गं मावशी, तुला नाही आवडायचं. मी म्हटलं, आवडीचा प्रश्न नाही, शुद्धलेखनाचा आहे. म्हणाली, म्हणूनच नाही दाखवलं.
हे तोंडावर.

७ मार्च
छापखान्यात सहज गेले. वाटेतच होता (बाजार विरुद्ध दिशेला आहे, पण चालणं तब्येतीला बरं). फोरमनने उठून खुर्ची दिली. म्हणाला, बाई, भाचीबाईंची प्रुफं त्यांच्या सहीनिशी आली आहेत, उद्या मशीनवर. मी म्हटलं, नुसती बघते.
माझी पद्धत उलटी. पानाच्या शेवटच्या शब्दापासून पहिल्याकडे यायचं. अर्थात गुंतलं की चुका निसटतात. शेकडो पुस्तकं तपासली, एकही वाचलेलं नाही. याचा मला अभिमान आहे.
एकच शब्द सगळीकडे चुकलेला. 'सुर'. आजूबाजूला बासरी आहे, म्हणजे 'सूर', दीर्घ. चौसष्ट ठिकाणी सुधारला. 'सुराला', 'सुराने' मात्र बरोबर, तिथे ऱ्हस्वच. पोरीला अर्धा नियम येतो.
फोरमन म्हणाला, लेखिकेला एक फोन करू का? मी म्हटलं, मी तिची मावशी आहे. तो प्रुफं उचलून आत घेऊन गेला.
भाचीला सांगणार नाही. हा दगा नव्हे. दगा लपवून करतात. मी फक्त बोलणार नाही.

२ एप्रिल
पुस्तकं आली. पाचशे प्रती. भाचीने खोका फोडला, पान नऊ उघडलं आणि फरशीवर बसली. मला वाटलं आनंदाने.
झालं ते असं. तिची नायिका शुद्धलेखनात कच्ची आहे. बासरीत सूर यावा म्हणून मंत्र लिहिते आणि उकार ऱ्हस्व काढते. त्यामुळे सूर येत नाही, सुर येतो. सुर म्हणजे देव. अठरा वर्षांचा, शिष्ट, केस भिजलेले. त्या उकारावर सगळं प्रेमप्रकरण उभं आहे.
आता माझ्या पान नऊवर बासरीत व्यवस्थित सूर येतो, आणि पान दहावर तो सूर म्हणतो की मला भूक लागली आहे. पान तेरावर सूर सदरा वाळत घालतो.
भाची म्हणाली, मावशी, तू वाचलंस तरी का? मी म्हटलं, अक्षर न् अक्षर. म्हणाली, गोष्ट? मी म्हटलं, ते माझं काम नव्हे.
म्हणाली, शिवणवाल्या मावशींना विचारलं असतंस तरी सांगितलं असतं त्यांनी.
त्या तिच्या मावशी कधीपासून?
दोष फोरमनचा. फोन करतो म्हणाला होता, केला का?

५ एप्रिल
अबोला चालू आहे. तिच्याकडून. तीन दिवस झाले, डबा स्वतः भरते, चमच्यासकट. मी अजिबात लक्ष देत नाही. आज चार वेळा दिलं नाही.

७ एप्रिल
पुस्तक सरळ वाचून पाहिलं, केवळ आणखी चुका शोधायला. प्रत्येक 'सूर' मनात ऱ्हस्व करत वाचावा लागतो, भारी कटकट. तो देव तिला उकार शिकवायला बसतो, तिथून पुढे चुका शोधायच्या राहिल्या. चष्म्याचा नंबर बदलला असावा.
शेवटी तो परत जातो की नाही, हे तिला विचारणार नाही. (स्वतःच वाचलं. जात नाही.)

९ एप्रिल, दुपारी
छापखान्यातून चिठ्ठ्या आल्या, प्रत्येक प्रतीत चिकटवायला. 'पान ९ व पुढे सर्वत्र सूरऐवजी सुर वाचावे.' मजकूर मला दाखवला नाही. शिवणवाल्या बाईंनी तपासला. हे तर विश्वासघाताचं टोक.
जेवणाच्या टेबलावर दोघी बसल्या होत्या. मी न बोलावता तिसरी खुर्ची ओढली. कुणी ऊठ म्हणालं नाही.
पहिलीच चिठ्ठी उचलली. वर ठळक अक्षरांत मथळा: 'शुद्धीपत्र'.
'द्धी' दीर्घ! ऱ्हस्व हवी. पाचशे वेळा.
हात आपोआप लाल पेनाकडे गेला. भाचीने मान वर केली. म्हणाली, काय गं मावशी?
सात दिवसांतला तिचा पहिला शब्द.
म्हटलं, काही नाही. डिंक सरकव इकडे.