गफ्फारनं शिवलेला लोकरी कोट

मुक्काम बोरगाव, अकोल्याजवळ
मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १७८६

माझ्या गोवर्धनले आजीचे पोटभर आशीर्वाद. घरी सारे बरे आहेत. तिकडं अमरावतीत तू वेळेवर जेवतो का, ते आधी लिही. बाकी मागून.

अक्षरं वाकडी दिसली तर हसू नको. तुझ्याच पाटीवर तुझ्यासंगं जेवढी शिकली तेवढीच येतात. एक ओळ झाली की बोटं आखडतात, मग जरा टेकून बसते. या साली थकवा लयच आला. तुरीच्या वावरातही यंदा कापूसच पेरला, ओसरीत कापूस, देवघराच्या दारात कापूस, नाकात कापूस. घरादारात निजाले जागा नाही, आणि समईच्या वातीसाठी चिमूटभर उचलला तर तुझा खुशालकाका म्हणते, "माय, तो तोलून ठेवला हाय." तिकडं अमेरिकेत कोण कोणाशी लढून राहिले, आणि इकडं आमची कंबर मोडून राहिली.

पण तुझं पत्र आलं आणि मले लय आनंद झाला. मी स्वतः वाचलं बरं. खुशाल म्हणे, "आण इकडं, वाचून दाखवतो." म्या म्हटलं, "तू आपला कापूस पाय." दोन दिवस लागले, पण कोणाच्या हातात दिलं नाही.

तुझा साहेब जुन्या पोथ्या उकरून इंग्रजी शब्दांची मुळं शोधते, आणि तू ते मले लिहितो, हे मले लय आवडलं. बाईले नटवायचा त्यायचा एक जुना शब्द, डायझन. तो आधी सूतकताईचा होता म्हणतो. जवसाच्या काडीचे तंतू सूत कातायच्या काठीले गुंडाळून काठी सजवायची, मग तोच शब्द बाईच्या अंगावर आला. मले हसू आलं. आपण जवसाची चटणी खातो आणि हे लोक जवस नेसतात. ड्रेस म्हणजे पहिले नुसतं सरळ करणं, हे मात्र पटलं. निऱ्या सरळ पडल्या नाही तर जरीचं लुगडंही पोत्यावाणी दिसते. आणि घोड्याच्या साजाचा शब्द, हार्नेस, तो बहुतेक आधी फौजेची शिदोरी होता, मग शिपायाचं चिलखत झाला, मग घोड्यावर चढला. मी हे शेजारच्या गोदाबाईले सांगितलं. ते म्हणे, "शिदोरीवरून सुरू झालं ना, मंग शब्द बाईनंच काढला असन."

इकडं नटणं बैलांचं चालू आहे. खुशालनं शिंगांच्या टोकांले चांदीच्या शेंब्या घातल्या. बैल मान खाली घालून चालते, त्याले काय ठाऊक चांदी.

चौथा शब्दही तू लिहिला होता, इक्विप. माणसाले लागेल ते सारं देऊन सज्ज करणं. आणि आधी म्हणे तो जहाज सज्ज करायचा होता. तो वाचला तेव्हा मी काही मनावर घेतलं नाही.

आता जे लिहायचं ते लिहिते. इतका वेळ भलतंच लिहून राहिली, तुले समजलंच असेल.

आपल्या गावचा अब्दुल गफ्फार शिंपी, जो आता अमरावतीले दुकान टाकून बसला, तो बहिणीच्या लग्नाले आला होता. जाता येता म्हणाला, "आजी, गोवर्धनभाऊनं माह्याकडं कोट टाकला. भारी." बस. मले वाटलं, पोरगा आता बायकोले न्यायले येते. कोट कोणी उगाच शिवते का? लहानपणी तुमचं लग्न लागलं, तेव्हापासून कौशल्या बाळापूरले माहेरी बसली आहे, तुझ्या बोलावण्याची वाट पाहून राहिली. मी कोणाले न विचारता तिच्या बापाले निरोप धाडला, गोवर्धन न्यायले येऊन राहिला, पोरीले आणून सोडा.

त्यायनं आणून सोडलं. कापूस टाकून परत येणाऱ्या रिकाम्या गाडीत, कारण दुसरी गाडी मिळेना. पोर हिरवं लुगडं नेसून, कोपरापर्यंत बांगड्या भरून उतरली. केसात कापसाचे पुंजके अडकले होते, ते मी वेचले. निऱ्या माझ्या हातानं सरळ केल्या. तू पाहिली तर ओळखणार नाही, इतकी उंच झाली.

काल गफ्फार परत जायच्या आधी तुझ्यासाठी निरोप घ्यायले आला. मी म्हटलं, "त्याले सांग, नवरी आली, आता तो कोट घालून लवकर ये." त्याचा चेहराच उतरला.

"आजी, तो कोट लग्नाचा नाही. लोकरीचा हाय, आतून फलालीनचं अस्तर. समुंदराच्या हवेचा. साहेब भाऊले विलायतेले नेऊन राहिला, होळीच्या आधी जहाज हाय. मले वाटलं तुमाले मालूम हाय."

कौशल्या दाराआड उभी होती. रडली नाही. भाकरी थापली, साऱ्यांले वाढली, मग मले विचारते, "आजी, उतरवू का हे लुगडं?"

मी म्हटलं, "काहून उतरवतं? राहू दे."

मग म्हणे, "मले त्यायले अडवाचं नाही. पण जातो म्हणून त्यायच्या तोंडून आयकाचं हाय. गफ्फारभाऊच्या तोंडून नाही."

निरोप मी धाडला, आता पोरीले बाळापूरले कोणत्या तोंडानं परत पाठवू?

गोवर्धन, मीही तुले अडवत नाही. समुद्र ओलांडला तर जात काय करते ते तुझा खुशालकाका पाहून घेईल, त्याले भांडाले आवडते. जाणाऱ्याले घरून नीट नेसवून, हातावर दही ठेवून पाठवतात. ते मी करीन. पण आधी तू कौशल्यासमोर बसायचं, आणि वाट पाहू का नको, हे तिले सांगायचं. नको असेल तर नको म्हण, पण तिच्याकडं पाहून म्हण.

हे पत्र गफ्फारच्या हाती देते, तो आज तट्टावर निघते, आमच्या आधी पोचेल. उद्या पहाटे खुशालच्या गाड्या अमरावतीच्या बाजाराले निघतात. त्यातल्या एका गाडीवर, गठ्ठ्यांवर, आम्ही दोघी. हाडं खिळखिळी होतील, पण येते. आम्ही पोचू त्या दिवशी साहेबाले सुट्टी माग.

तिले विचारलं, तुझा नमस्कार लिहू का. म्हणे, "नका लिहू. तो मी तिथंच करीन."

तुझी थकलेली, तरी निघालेली,
आजी मनकर्णा