एका टेबलाचं हॉस्पिटल

दि. १२ जानेवारी

ती. दादास,
बबीचा सा. न. वि. वि.

इकडे सगळं क्षेम, असं लिहायची पद्धत म्हणून लिहिते. खरं म्हणजे काल जमावाने कर कार्यालय जाळलं. तिथल्या कॅशियरला खुर्चीसकट जिन्यावरून खाली फेकलं. दोन्ही हात मोडले, कवटी फुटली. आमच्याकडे ऑपरेशनचं टेबल एकच, त्यामुळे पाय चेंगरलेला खाणकामगार बाहेर बाकावर ओरडत पडला होता. त्याचा पाय शेवटी कापावाच लागला.

तू महसूल वाटप आयोगाचा सचिव, तुला नर्सने काय शिकवायचं? पण खाण आमच्या राज्यात, धूळ आमच्या छातीत, आणि कंपनीचं मुख्य ऑफिस राजधानीत म्हणून कर मात्र तिकडच्या खात्यात! हा कुठला न्याय? दुसरं ऑपरेशन थिएटर मागून मागून आमचे सर्जन थकले. माझे धाकटे दीर खाणीत ड्रिल चालवतात. ते म्हणतात, तुमच्या दादाला एकदा खाली उतरवा. तापट आहेत, पण मनाने वाईट नाहीत. अगदी तुझ्यासारखे.

वहिनीला नमस्कार. तुझा लोभ आहेच, निदान त्यात तरी कपात नको.

तुझी,
बबी


दि. २५ जानेवारी

चि. बबीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र अध्यक्षांना वाचून दाखवलं. आधी हसले, मग ते फाईलला लावून ठेवलं. पण जिथे माणसं जास्त तिथे वाटा जास्त, हे सूत्र कायम राहणार. तुमच्याकडे माणसं कमी. कराचा नियम आत्ता बदलला तर बाकीची राज्यं कोर्टात जातील. पुढचा आयोग बघेल.

हे सांगायला दहा तारखेला मीच येतोय. पोलीस नको म्हटलं आहे. आपल्याच गावात बंदोबस्त घेऊन फिरायची लाज वाटते. लोक आपलेच आहेत, ऐकतील. तुझ्या दिरांनाही आण, चहा पाजून थंड करतो.

काळजी करू नकोस. आहे तशीच माया असू दे.

तुझा,
दादा


दि. १९ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुला विमानाने नेलं तेव्हा तू शुद्धीवर नव्हतास, म्हणून लिहिते. "पुढचा आयोग" एवढं ऐकलं आणि लोक मंचावर चढले. तुझ्या डोक्यात पहार घातली ती माझ्या दिरांनी. कंपनीच्या पहारेकऱ्यांनी गोळ्या झाडल्या, त्यातली एक त्यांच्या पोटात शिरली.

दोघांनाही एकाच ट्रकमधून आणलं. तू कण्हत होतास. ते कण्हतही नव्हते, पोटावर हात दाबून नुसते माझ्याकडे बघत होते. सर्जनांनी घाईत विचारलं, आधी कोणाला घ्यायचं? ज्याची अवस्था जास्त वाईट, तो आधी, हा आमचा नियम. तरी मी तुला आधी घ्यायला सांगितलं.

ते बाहेर बाकावरच गेले. धाकट्या भावाला आंघोळ यांनीच घातली. मी काय केलं ते यांना अजून ठाऊक नाही. विचारतील तेव्हा मी खोटं बोलणार नाही.

टाक्यांना पाणी लागू देऊ नकोस. तुझा लोभ असू दे, दादा. या घरात तो मला आता मिळायचा नाही.

तुझी,
बबी