चहाला नाही म्हणणारी मुलगी

लालबाग, ६ ऑगस्ट १९८२

सौ. शेवंता हिस आशीर्वाद.

रवळनाथाच्या कृपेने मी बरा आहे. गिरणीचा संप चालूच आहे, पण गणपतीला नक्की येतो. आईचा गुडघा कसा आहे?

इथे एक नवाच ताप झाला आहे. समाजकार्याच्या कॉलेजातली मुले संपकऱ्यांच्या घरी शिकायला पाठवतात. माझ्या वाट्याला गिरगावची नीलिमा धुरंधर आली. दर गुरुवारी येते, तेच प्रश्न विचारते, वहीत लिहून घेते आणि चहाला नाही म्हणते! ज्यांच्याकडे काम करायचे त्यांचे काही घ्यायचे नाही, असा तिच्या सरांचा नियम. चार गुरुवार तिच्यासाठी केलेला चहा मीच प्यायलो. दारी आलेल्याला चहा देण्याइतकाही मी उरलो नाही का?

काल चिडून म्हटले, "पोरी, चहा घेणार नसशील तर पुन्हा येऊ नकोस."

"घेते काका. पण तुम्ही माझ्याबरोबर खोकला दाखवायला यायचं. आणि काकींना कळवायचं."

"तिला कशाला?"

"मग राहू दे चहा."

कप निवत चालला होता. मी हो म्हटले. ती सगळा चहा प्यायली आणि वर म्हणते, साखर कमी आहे!

तर शब्द दिला म्हणून कळवतो. शिमग्यापासून खोकला वाढला आहे, जिना चढताना मध्ये बसावे लागते. सोमवारी तिच्याबरोबर इस्पितळात जातो.

रवळनाथाला नारळ ठेव. आईने विचारले तर तिच्या गुडघ्यासाठी ठेवला म्हण.

तुझा,
हरेश्वर